सावली नसलेली माणसे : नलोपाख्यान ते पीटर श्लेमील

सारांश

जगातील अनेक कथापरंपरांत सावली न पडणाऱ्या व्यक्ती व योनी आढळतात. देव, मृतात्मे, भुते आणि रक्तपिपासू पिशाच्चे यांचा त्यांत समावेश होतो. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी आडेलबर्ट फॉन शामिसो या लेखकाने एका सामान्य, जिवंत माणसाची सावली काढून घेतली आणि या जुन्या कल्पनेला निराळे वळण दिले. प्रस्तुत लेखात महाभारतातील नलोपाख्यान, शामिसोची ‘पीटर श्लेमीलची विलक्षण कथा’ (१८१४) आणि हान्स ख्रिश्चन अँडरसनची ‘सावली’ (१८४७) या तीन कृतींच्या आधारे या कल्पनेचा विचार केला आहे. सावली असणे अथवा नसणे यापेक्षा त्या खुणेवरून निवाडा कोण करतो, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : छाया, नलोपाख्यान, शामिसो, अँडरसन, सामाजिक ओळख, अस्पृश्यता.

प्रस्तावना

पदवीच्या द्वितीय वर्षाच्या वर्गात नल-दमयंती आख्यान शिकवीत असताना एका विद्यार्थ्याने प्रश्न विचारला. स्वयंवरमंडपात नलाचे रूप घेऊन बसलेल्या देवांना सावली नव्हती, असे मी सांगत होतो. विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्या गावात भुताला सावली नसते असं म्हणतात. देवालाही नसेल, तर दोघांतला फरक ओळखायचा कसा?” वर्गात हशा पिकला आणि तास संपल्याची घंटाही झाली. त्या वेळी मजजवळ उत्तर नव्हते. पुढे विचार करता असे लक्षात आले की प्रश्न दिसतो तितका बाळबोध नाही. ज्याला आपण पूज्य मानतो तो आणि ज्याला आपण भितो तो, या दोघांनाही लोकमानसाने एकाच खुणेने ओळखावे, यामागे काही संगती असली पाहिजे. ती संगती शोधण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

१. छाया : वस्तू आणि शब्द

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने सावली ही वस्तू नव्हेच. प्रकाशाच्या मार्गात अपारदर्शक पदार्थ आला की त्याच्या पलीकडे जो प्रकाशाचा अभाव निर्माण होतो, त्याला आपण सावली म्हणतो. तिला वजन नाही, रंग नाही, स्वतंत्र अस्तित्व नाही. तिच्यासाठी तीनच गोष्टी लागतात : प्रकाशाचा उगम, प्रकाश अडवणारे शरीर आणि सावली झेलणारा पृष्ठभाग. यांपैकी एक नसेल तर सावली नाही. म्हणून एखाद्याला सावली नाही असे कथा सांगते, तेव्हा ती प्रत्यक्षात त्याच्या शरीराविषयी काही सांगत असते. त्याचे शरीर प्रकाश अडवीत नाही, म्हणजेच ते आपल्यासारखे शरीर नाही, असा त्याचा अर्थ होतो.

सावली लहानमोठी होते ती सूर्याच्या उंचीनुसार. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असलेल्या आपल्या महाराष्ट्रात वर्षातून दोन दिवस असे येतात की माध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर असतो आणि ताठ उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच लपते. यास शून्य छाया दिन असे म्हणतात. मे महिन्यात कोकण व पश्चिम महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत निरनिराळ्या तारखांना हा क्षण येतो. काही शाळा-महाविद्यालयांतून त्या दिवशी पटांगणात काठी रोवून विद्यार्थ्यांना हा प्रकार दाखवला जातो. त्या दोन-चार मिनिटांपुरते आपण सर्वच ‘सावली नसलेली माणसे’ असतो. पण सर्वांचीच सावली नाहीशी झालेली असल्यामुळे कोणी कोणाकडे बोट दाखवीत नाही. ही साधी गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडेल.

भाषेत मात्र सावलीला वस्तूपेक्षा कितीतरी अधिक वजन आहे. मराठीत ‘मायेची सावली’ म्हणजे संरक्षण, ‘छत्रछाया’ म्हणजे आश्रय. ‘सावलीसारखा पाठीशी असणे’ ही निष्ठेची खूण, तर ‘त्याच्या सावलीलाही उभे राहू नये’ ही तिरस्काराची परिसीमा. एकाच शब्दात आधार आणि विटाळ असे दोन्ही अर्थ सामावले आहेत. संस्कृतातील ‘छाया’ या शब्दाला तर कांती, प्रतिबिंब आणि सावली अशा अनेक अर्थच्छटा आहेत. आयुर्वेदात चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात छाया व प्रतिच्छाया यांच्यातील विकृती ही आसन्न मृत्यूची लक्षणे म्हणून विचारात घेतली आहे. छाया बिघडणे म्हणजे देहाचा या जगाशी असलेला संबंध सैल होणे, ही धारणा त्यामागे दिसते.

२. देव आणि मृतात्मे : देहाची साक्ष

महाभारताच्या वनपर्वात बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला नलाची कथा सांगतात. दमयंतीच्या स्वयंवराला इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चार लोकपाल नलाचे रूप धारण करून येतात. दमयंतीसमोर पाच नल उभे राहतात. देवांची जी लक्षणे तिने वृद्धांकडून ऐकलेली असतात, त्यांपैकी एकही तिला दिसत नाही. अखेरीस ती आपल्या सत्याच्या बळावर देवांनाच शरण जाते आणि त्यांनी आपले खरे रूप प्रकट करावे अशी विनवणी करते. तेव्हा देव आपली चिन्हे प्रकट करतात. त्यांना घाम येत नाही, त्यांच्या पापण्या लवत नाहीत, त्यांच्या माळा ताज्या आहेत, अंगावर धूळ नाही आणि पाय भूमीला टेकलेले नाहीत.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. देवांच्या वर्णनात छायेच्या अभावाचा उल्लेख शब्दाने येत नाही. छाया येते ती नलाच्या वर्णनात. त्याची माळ कोमेजलेली आहे, अंगावर धूळ व घाम आहे, पाय जमिनीवर आहेत, पापण्या लवत आहेत आणि तो ‘छायाद्वितीय’ आहे, म्हणजे छाया हीच ज्याची दुसरी सोबती आहे असा. देवांना छाया नाही हे आपण या विरोधातून ताडतो. महाभारतकाराने ज्या गोष्टी एरवी उणीव म्हणून मोजल्या जातील त्याच येथे ओळखीच्या खुणा केल्या आहेत. घाम, धूळ, कोमेजणे आणि सावली ही सर्व मर्त्यत्वाची लक्षणे होत. दमयंती या लक्षणांकडे पाहून पुढे होते आणि माळ नलाच्या गळ्यात घालते. अमरत्व समोर उभे असताना ती सावली असलेल्याची निवड करते. या आख्यानाचे मोठेपण या निवडीत आहे.

देव भूमीला स्पर्श करीत नाहीत, आणि मराठी लोकसमजुतीतील भुताची पावले उलटी असतात. दोघांच्याही बाबतीत भूमीशी असलेला सरळ, नित्याचा संबंध तुटलेला आहे. देव देहाच्या पलीकडे गेलेला आणि भूत देह हरवून बसलेले. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे सापडते. सावलीचा अभाव देव आणि भूत यांत भेद करीतच नाही. तो या दोघांना एका बाजूस आणि जित्याजागत्या माणसाला दुसऱ्या बाजूस ठेवतो.

हाच विचार युरोपीय परंपरेतही दिसतो. इटालियन महाकवी दान्ते याने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘दिव्य सुखात्मिके’च्या दुसऱ्या खंडात एक प्रसंग आहे. शुद्धिपर्वताच्या पायथ्याशी सूर्य पाठीमागे असताना दान्तेला समोर केवळ आपलीच सावली दिसते. बरोबरचा मार्गदर्शक व्हर्जिल आपल्याला सोडून गेला, अशा समजुतीने तो घाबरून वळतो. व्हर्जिल शेजारीच असतो, पण त्याचा देह फार पूर्वी मातीत गेलेला असल्याने त्याची सावली पडत नाही. पुढे भेटणारे आत्मे दान्तेची सावली पाहून थबकतात. मृतांच्या त्या प्रदेशात सावली असणे हाच अपवाद आहे. सावली नसणे ही उणीव ठरते की सावली असणे, हे सभोवती कोण आहेत यावर अवलंबून असते, याची जाणीव दान्ते येथे सहजपणे करून देतो.

ब्रॅम स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीतील रक्तपिपासू सरदाराला आरशात प्रतिबिंब नाही आणि सावलीही नाही. त्याचेही स्थान याच गटात आहे : तो मेलेला आहे, पण मृतांत जमा झालेला नाही. गमतीचा भाग असा की या कादंबरीवर बेतलेल्या मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ (१९२२) या मूकपटात जिन्याच्या भिंतीवर सरकणारी पिशाच्चाची सावली हेच सर्वांत गाजलेले दृश्य ठरले. कादंबरीने नाकारलेली सावली चित्रपटाने भयाचे साधन म्हणून परत आणली.

३. पीटर श्लेमील : जिवंत माणसाची हरवलेली सावली

वरील सर्व उदाहरणांत सावली नसलेला हा माणसांतला नसतोच. शामिसोने १८१३ मध्ये लिहिलेल्या आणि १८१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोटेखानी कथेत प्रथमच एक हाडामांसाचा, भुकेला, प्रेमात पडणारा तरुण आपली सावली गमावून बसतो.

पीटर श्लेमील हा गरीब तरुण शिफारसपत्र घेऊन जॉन नावाच्या धनिकाच्या बागेत येतो. तेथे करड्या कोटातील एक अबोल गृहस्थ खिशातून एकेक अशक्य वस्तू काढून पाहुण्यांना देत असतो : दुर्बीण, गालिचा, तंबू, शेवटी तीन घोडे. कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. हाच गृहस्थ श्लेमीलला गाठून त्याच्या सुंदर सावलीची मागणी करतो व मोबदल्यात कधीही रिकामी न होणारी सुवर्णमुद्रांची थैली देऊ करतो. श्लेमील सौदा करतो. तो गृहस्थ गवतावरची सावली अलगद उचलतो, गुंडाळतो आणि खिशात घालतो.

यानंतरचे वर्णन वाचताना वाचकाला हसू येते आणि थोड्या वेळाने ते ओसरते. वाटेतली एक म्हातारी त्याला सावली कुठे टाकली म्हणून हटकते, पहारेकरी विचारतो, स्त्रिया कीव करतात, शाळेतून सुटलेली पोरे चिखल फेकतात. श्लेमीलचे हात, पाय, बुद्धी, अंतःकरण सर्व शाबूत आहे. गमावले आहे ते ज्याचा त्याला कधीच काही उपयोग नव्हता तेच. तरीही तो आता दिवसा बाहेर पडू शकत नाही. तो एका चित्रकाराला बोलावून खोटी सावली रंगवून मागतो आणि रशियातील कडाक्याच्या थंडीत आपली सावली जमिनीला गोठून चिकटली अशी थाप मारतो. चित्रकाराचे उत्तर नमुनेदार आहे : रंगवलेली सावली पहिल्या हालचालीसरशी गळून पडेल, ज्याला सावली नाही त्याने उन्हात जाऊ नये हेच शहाणपणाचे. चित्रकार वाईट माणूस नाही. तो केवळ व्यवहार्य सल्ला देतो आणि निघून जातो.

कथेत अपवाद आहे तो बेंडेल या नोकराचा. धन्याचे गुपित कळल्यावर तो रडतो, पण सोडून जात नाही. तो अंगाने धन्याहून थोराड असल्याने उन्हात अशा बेताने चालतो की त्याच्याच सावलीत धन्याची उणीव झाकली जावी. उलट रास्कल हा दुसरा नोकर सावली दाखवा म्हणून अडून बसतो, नोकरी सोडतो आणि गुपित फोडतो. मीना या मुलीशी श्लेमीलचे लग्न ठरू पाहते. तिचा वनाधिकारी पिता त्याला तीन दिवसांची मुदत देतो : नीट बसणारी सावली घेऊन या, नाहीतर मुलगी दुसऱ्याला दिली जाईल. मीनाचे लग्न रास्कलशी लावले जाते.

वर्षभराने करडा गृहस्थ परत येतो. सावली परत देण्यास तो तयार आहे, पण आता मोबदला म्हणून त्याला मृत्यूनंतर श्लेमीलचा आत्मा हवा आहे. येथे शामिसोने कथेचा खरा पेच मांडला आहे. समाजात पुन्हा मान मिळवायचा असेल तर आत्मा द्या. आत्मा राखायचा असेल तर समाजाबाहेर राहा. श्लेमील नकार देतो. त्या गृहस्थाच्या खिशातून धनिक जॉनची प्रेतवत आकृती बाहेर आलेली पाहिल्यावर तो सोन्याची थैली दरीत भिरकावतो. जॉनला सावली होती, मान होता, बाग होती. नव्हता तो फक्त आत्मा, आणि त्याची उणीव कधीच कोणाच्या लक्षात आली नव्हती.

पुढे योगायोगाने श्लेमीलला एका पावलात सात कोस नेणारे जुने बूट मिळतात. माणसांत जागा न उरलेला हा माणूस पृथ्वीभर हिंडून वनस्पतींचा अभ्यास करतो. एकदा आजारी पडून तो एका रुग्णालयात शुद्धीवर येतो. हे रुग्णालय त्याच्याच उरलेल्या सोन्यातून बेंडेलने त्याच्या नावे उभारलेले असते. तेथे त्याला कोणी ओळखत नाही. तो ‘क्रमांक बारा’ असतो, आणि लांब दाढीमुळे लोक त्याला यहुदी समजतात. एका खुणेवरून नाकारला गेलेला माणूस दुसऱ्या खुणेवरून आणखी कोठेतरी ढकलला जातो. खूण बदलते, पण खुणेवरून माणूस ठरवण्याची रीत तशीच राहते.

४. लेखकाची सावली

ही कथा सुचली कशी, याविषयी शामिसोने स्वतःच सांगितलेली हकीकत साधी आहे. एका प्रवासात त्याची टोपी, हातमोजे, रुमाल असे सर्व किडूकमिडूक हरवले. तेव्हा त्याचा लेखकमित्र फूके याने थट्टेने विचारले, सावलीसुद्धा हरवली नाही ना? पुढे त्या सावलीचा गूढार्थ विचारणाऱ्यांना शामिसोने कधी दाद दिली नाही. आपल्या कथेच्या फ्रेंच आवृत्तीच्या प्रास्ताविकात त्याने भौतिकशास्त्राच्या पुस्तकातील छायेची व्याख्याच देऊन प्रश्नकर्त्यांची फिरकी घेतली.

तरीही त्याचे चरित्र वाचताना काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. शामिसो १७८१ मध्ये फ्रान्समधील एका सरदार घराण्यात जन्मला. राज्यक्रांतीत घर गेले, कुटुंब परागंदा झाले आणि १७९६ मध्ये तो बर्लिनला आला. तो प्रशियाच्या सैन्यात अधिकारी झाला, जर्मन भाषेत लिहू लागला. १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्ध प्रशियात युद्धज्वर चढला, तेव्हा जन्माने फ्रेंच आणि मनाने जर्मन असलेल्या या माणसाला कोणत्याच बाजूने लढता येईना. बर्लिनपासून दूर कुनर्सडॉर्फ येथील एका स्नेह्याच्या जमीनदारीवर तो वनस्पतींचा अभ्यास करीत राहिला, आणि तेथेच ही कथा लिहिली गेली. यिद्दिश बोलीत ‘श्लेमील’ म्हणजे नशिबाने सदैव गांजलेला, ज्याचे काहीच धड होत नाही असा माणूस. नायकाला हे नाव देताना लेखकाच्या मनात काय असेल, याची कल्पना करता येते.

पुढे आयुष्याने कथेचे अनुकरण केले. १८१५ ते १८१८ या काळात शामिसो ‘रूरिक’ या रशियन जहाजावरून निसर्गअभ्यासक म्हणून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि परतल्यावर बर्लिनच्या वनस्पतिउद्यानात कामाला लागला. कॅलिफोर्नियातील केशरी अफूसदृश फुलाला त्याने जहाजावरील वैद्य एश्शोल्झ याचे नाव दिले. बूट घालून जगभर वनस्पती गोळा करणारा श्लेमील त्याने आधी लिहिला होता आणि नंतर जगला.

५. अँडरसन : सत्ताधाऱ्याला सावली लागत नाही

अँडरसनच्या ‘सावली’ (१८४७) या कथेत हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. थंड प्रदेशातील एक विद्वान उष्ण देशात जातो. तेथे एके रात्री त्याची सावली समोरच्या घरात शिरते आणि परत येत नाही. विद्वानाला हळूहळू नवी सावली फुटते. सत्य, सौंदर्य आणि चांगुलपणा यांवर तो ग्रंथ लिहितो, ते कोणी वाचत नाही. वर्षांनंतर जुनी सावली भरजरी पोशाखात, श्रीमंत होऊन परतते. लोकांच्या घरात डोकावून तिने त्यांची गुपिते जाणली आहेत आणि त्या बळावर ती मोठी झाली आहे. आजारी, निर्धन विद्वानाला ती आपली सावली म्हणून प्रवासाला बरोबर नेते.

एका आरोग्यस्थानी भेटलेली राजकन्या फार तीक्ष्ण नजरेची आहे. या गृहस्थाला सावली पडत नाही हे तिला तत्काळ दिसते. पण तो शांतपणे सांगतो, माझी सावली सामान्य नाही, मी तिला माणसाचे रूप दिले आहे. हा पाहा, तो माझ्या शेजारी उभा आहे. राजकन्येला हे पटते. दोघांचा विवाह ठरतो. खरा माणूस सत्य सांगू लागतो तेव्हा त्याला वेडा ठरवून कैद करतात आणि लग्नाच्या रात्री त्याला ठार मारलेले असते.

दोन्ही कथा शेजारी ठेवल्या की फरक स्पष्ट होतो. श्लेमीलकडे अमर्याद सोने आहे, पण सावली नसल्याचे स्पष्टीकरण देताना त्याची जीभ अडखळते. अँडरसनच्या सावलीला स्पष्टीकरण देता येते आणि ऐकणारे ते मानून घेतात. उणीव एकच आहे. एकाच्या बाबतीत ती कलंक ठरते, दुसऱ्याच्या बाबतीत ऐटीचे लक्षण. सावली ही निसर्गाची खूण असती तर असे झाले नसते. निवाडा सावलीवर नव्हे, तर बोलणाऱ्याच्या आत्मविश्वासावर आणि ऐकणाऱ्याच्या इच्छेवर होतो.

६. सावली असण्याचा अपराध

महाराष्ट्रातील अध्यापकाला ही चर्चा येथे थांबवता येत नाही. शामिसोच्या कथेत सावली नसल्यामुळे माणूस बहिष्कृत होतो. आपल्या इतिहासात सावली असल्यामुळे माणसे बहिष्कृत झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या अधिवेशनासाठी तयार केलेले, पण देता न आलेले भाषण १९३६ मध्ये स्वतः प्रसिद्ध केले. त्यात पेशवाईतील स्थितीची नोंद आहे. सवर्ण समोरून येत असता अस्पृश्याला रस्त्याने जाण्यास मनाई होती, कारण त्याच्या सावलीने विटाळ होई. ओळख पटावी म्हणून मनगटाला वा गळ्यात काळा दोरा बांधावा लागे. पुण्यात कमरेला झाडू आणि गळ्यात मडके अडकवून फिरावे लागे.

भौतिकशास्त्राने ज्याला केवळ प्रकाशाचा अभाव म्हटले, त्याला समाजाने स्पर्शाची शक्ती बहाल केली. सकाळी आणि संध्याकाळी सूर्य कलला की सावली लांबते, म्हणजे माणूस जागच्या जागी असूनही त्याचा ‘अपराध’ वाढत जातो. येथे दमयंतीची आठवण येते. घाम, धूळ आणि सावली पाहून तिने माणूस ओळखला व त्याला वरले. तेच आख्यान पिढ्यानपिढ्या आळवणाऱ्या समाजाने घामाने निथळणाऱ्या, धुळीने माखलेल्या श्रमिकाची सावली मात्र ओलांडू नये अशी मानली. जी खूण आख्यानात मनुष्यत्वाचा पुरावा होती, ती रस्त्यावर मनुष्यत्व नाकारण्याचे कारण झाली.

७. आजची सावली

सावलीचे हे राजकारण संपले असे म्हणता येईल काय? प्रस्तुत लेखकाला काही वर्षे महाविद्यालयीन प्रवेश समितीत काम करण्याचा योग आला. महाराष्ट्रात विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ हा मानीव दिनांक धरला जातो आणि त्यापूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. एका भटक्या कुटुंबातील मुलगा प्रवेशासाठी आला. त्याच्या आजोबांनी हयातभर एका गावी दोन पावसाळे काढले नव्हते. ज्यांची ओळखच भटकण्याची, त्यांच्याकडे आम्ही एका जागी राहिल्याचा कागद मागत होतो. पर्यायी पुराव्यांच्या तरतुदी असतात, पण त्या सांगायला कोणी बसलेले नव्हते आणि त्याला विचारता आले नाही. दाखला मिळाला की या, असे आम्ही सांगितले. मुदत टळली. त्याने खुल्या प्रवर्गातून पूर्ण शुल्क भरून प्रवेश घेतला. पैसे कोठून आणले हे त्याने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही.

सांगणाऱ्यांत मीही होतो. नंतर श्लेमीलची कथा वाचताना चित्रकाराच्या प्रसंगाशी मी अडखळलो. ज्याला सावली नाही त्याने उन्हात जाऊ नये, हा सल्ला आम्हीही सौम्य शब्दांत दिला होता. दाखला हा सावलीसारखाच असतो. ज्याच्यापाशी आहे त्याला तो असल्याचे जाणवतही नाही. ज्याच्यापाशी नाही त्याचे हात, पाय, बुद्धी, गुणपत्रिका सर्व असूनही तो अपुरा ठरतो. पडताळणीची व्यवस्था आवश्यक आहे, हे येथे नाकारायचे नाही. खोट्या दाखल्यांनी खऱ्या गरजूंचेच नुकसान होते. परंतु खूण तपासणारा आणि माणूस पाहणारा एकच असला पाहिजे. बेंडेलने धन्याची उणीव नाकारली नाही. तो फक्त उन्हाच्या बाजूने चालला.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात.

१) प्राचीन व मध्ययुगीन कथांत सावलीचा अभाव ही अमर्त्य अथवा मृत योनीची खूण आहे. देव व भूत यांना तो एका बाजूस ठेवतो आणि सावलीला मर्त्य देहाची साक्ष बनवतो.

२) शामिसोने ही खूण जिवंत माणसाला लावली. त्यामुळे प्रश्न योनीचा न राहता समाजमान्यतेचा झाला.

३) अँडरसनच्या कथेतून दिसते की हीच उणीव सत्ता व आत्मविश्वास असलेल्याच्या बाबतीत क्षम्य, किंबहुना भूषणावह ठरते.

४) महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात सावलीच्या अस्तित्वावरून बहिष्कार घडला. म्हणजे सावली असो वा नसो, खुणेचा अर्थ ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, निवाडा त्याचा.

त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर पुढच्या वर्षी त्याच आख्यानाच्या वेळी मी वर्गात दिले. तो मात्र तोवर तृतीय वर्षाला गेला होता. देव आणि भूत यांतला फरक सावलीवरून कळत नाही, असे मी सांगितले. सावलीवरून कळतो तो फक्त माणूस, आणि तोही पाहणाऱ्याची तयारी असेल तरच. त्या वर्षी मे महिन्यात शून्य छाया दिनी भूगोल विभागाने पटांगणात काठी रोवली होती. काठीभोवती गोळा झालेल्या मुलांपैकी एकाचीही सावली दिसत नव्हती, आणि कोणीही कोणाला सावली कुठे आहे म्हणून विचारले नाही.